जीपच्या डिफरन्शियलचे तेल बदलताना

शाळेच्या मैदानावर कवायत चालू आहे. चार-चार मुलांच्या रांगा चालत येतात आणि मैदानाच्या कोपऱ्यावर वळतात. वळताना आतल्या बाजूचा मुलगा जवळजवळ जागच्या जागी पावले टाकतो, आणि बाहेरच्या टोकाच्या मुलाला मात्र लांब ढांगा टाकाव्या लागतात. सगळ्यांनी सारख्याच ढांगा टाकायच्या म्हटले, तर रांग मोडलीच म्हणून समजा.

मोटारीच्या मागच्या दोन चाकांपुढे हीच अडचण असते. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. किती जास्त? हे गणित नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना सहज करता येईल. आतल्या चाकाच्या मार्गाची त्रिज्या 'त्रि' आणि दोन चाकांमधील अंतर 'अ' धरू. काटकोनात वळताना आतले चाक वर्तुळाचा पाव परीघ चालते, म्हणजे π/२ × त्रि. बाहेरचे चाक चालते π/२ × (त्रि + अ). फरक उरतो तो π/२ × अ. यात त्रिज्या कोठेच नाही! वळण आवळ असो की ऐसपैस, काटकोनी वळणात दोन चाकांच्या प्रवासातील फरक तेवढाच. जुन्या जीपच्या चाकांमधील अंतर सुमारे सव्वा मीटर असते. म्हणजे हा फरक जवळजवळ दोन मीटर भरतो.

बैलगाडीला ही अडचण येत नाही. तिचा आख स्थिर असतो आणि दोन्ही चाके त्यावर आपापल्या गतीने फिरतात. पण बैलगाडीची चाके ओढली जातात; मोटारीची चाके इंजिनाकडून फिरवली जातात. एकच इंजिन, एकच दांडा, आणि दोन चाकांना मात्र दोन निरनिराळ्या गती हव्यात. हे कोडे सोडवणारी दंतचक्रांची रचना ओनेसिफोर पेक्यूर या फ्रेंच तंत्रज्ञाने १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी योजली. तिलाच आपण डिफरन्शियल म्हणतो. ट्रकच्या मागे उभे राहिल्यावर दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा दिसतो, त्याच्या पोटात ती असते. फोरव्हील ड्राइव्ह जीपला असे दोन गोळे असतात, एक मागे आणि एक पुढे.

या गोळ्यातले तेल घरच्या अंगणात कसे बदलावे, हा या लेखाचा विषय. काम तासा-दीडतासाचे, हत्यारे साधीच. पण ते करताना भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रातील इतक्या गोष्टी भेटतात, की विज्ञानाच्या शिक्षकांनी एकदा तरी ते पाहावे असे आम्हाला वाटते. शिवाय ते दुर्लक्षून चालण्यासारखेही नाही. आमच्याकडील जुनी जीप एका पावसाळ्यात घाट उतरताना, ब्रेक दाबला की एका बाजूला ओढू लागली. खाली आल्यावर मागचे ड्रम काढून पाहिले. एका चाकाचे ब्रेक लायनर तेलाने भिजून चिंब झाले होते. ब्रेक ऑइल गळले असावे असे प्रथम वाटले. परंतु वास गंधकाचा होता. ते डिफरन्शियलचे तेल होते. ते तेथवर कसे पोचले, याचा उलगडा पुढे येईलच.

गोळ्याच्या पोटात काय असते?

इंजिनाकडून येणाऱ्या लांब दांड्याला प्रॉपेलर शाफ्ट म्हणतात. त्याच्या टोकाला एक लहान दंतचक्र असते, ते पिनियन. ते एका मोठ्या कड्यासारख्या चक्राला फिरवते, तो क्राउन. विलीजच्या आराखड्यावर बनलेल्या जुन्या जीपमध्ये क्राउनला ४३ आणि पिनियनला ८ दात असलेली जोडी सर्रास आढळते. ४३ ला ८ ने भागले की ५.३७५ येतात, म्हणजे शाफ्टचे साधारण साडेपाच फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. गती कमी होते आणि त्याच प्रमाणात फिरवण्याचा जोर वाढतो.

क्राउनला एक पेटी जोडलेली असते. तिच्या आत चार छोटी दंतचक्रे परस्परांत गुंतलेली असतात. दोन चक्रे डाव्या-उजव्या चाकांच्या दांड्यांवर बसवलेली. आणि त्यांच्या मध्ये, पेटीतील आडव्या खिळीवर फिरणारी आणखी दोन. या मधल्या चक्रांना आपल्याकडचे मिस्त्री 'स्टार पिनियन' म्हणतात. त्यांचे काम समजण्यासाठी टेबलावर एक पट्टी आडवी ठेवा आणि तिच्या मधोमध बोटाने पुढे ढकला. दोन्ही टोकांना सारखा अडथळा असेल, तर पट्टी सरळ पुढे सरकते. एक टोक दाबून धरले, तर दुसरे टोक मध्यबिंदूच्या दुप्पट वेगाने पुढे जाते. स्टार पिनियन म्हणजे सतत फिरत राहणारी अशी पट्टीच. क्राउनची गती ही दोन्ही चाकांच्या गतीची सरासरी असते. एक चाक सावकाश झाले, तर दुसरे तेवढेच जलद होते.

या सोयीची एक किंमत मोजावी लागते. पट्टीच्या दोन टोकांवर जोर नेहमी सारखाच पडतो. एक चाक चिखलात गरागरा फिरू लागले, की त्याला लागणारा जोर नाममात्र. मग कोरड्या जमिनीवरच्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच नाममात्र जोर मिळतो आणि गाडी जागची हलत नाही. फोरव्हील ड्राइव्हमध्ये पुढची चाकेही इंजिनाला जोडली जातात, ती यासाठीच. मात्र जुन्या जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये तिसरे डिफरन्शियल नसते. वळताना पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाके थोडी घसरून हा फरक पोटात घेतात, डांबरी रस्त्यावर तो ताण सगळा दंतचक्रांवर येतो. म्हणून कोरड्या पक्क्या रस्त्यावर फोरव्हील लावून गाडी चालवू नये.

साधे तेल का चालत नाही?

इंजिनातील बेअरिंगमध्ये दांडा आणि धातूचे अस्तर यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो, आणि दांडा त्या थरावर जणू तरंगत फिरतो. डिफरन्शियलमधील परिस्थिती फार वेगळी आहे. येथील पिनियनची आस क्राउनच्या मध्यावरून जात नाही. ती थोडी खाली असते. अशा जोडीला हायपॉइड म्हणतात. १९२० च्या दशकात अमेरिकेतील पॅकार्ड मोटारींत ती प्रथम आली. तिच्यामुळे शाफ्ट खाली घेता येतो, दात एकाच वेळी अधिक संख्येने गुंततात आणि आवाज कमी होतो. पण दात नुसते एकमेकांवर लोळत नाहीत; ते लांबीच्या दिशेने एकमेकांवर घासतही जातात. त्यांच्या निमुळत्या स्पर्शरेषेवर एका चौरस सेंटिमीटरला कित्येक टन एवढा दाब येतो. तेलाचा थर पिळून बाहेर फेकला जातो. धातूवरचे सूक्ष्म उंचवटे एकमेकांना भिडतात, क्षणभर अतिशय तापतात आणि चक्क एकमेकांना जोडले जातात. पुढच्या क्षणी हे जोड तुटतात आणि धातूचे कण उखडून येतात.

यावरचा उपाय रासायनिक आहे. गिअर ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरस यांची संयुगे मिसळलेली असतात. एरवी ती शांत असतात. पण उंचवट्याच्या टोकाशी तापमान वाढले, की तेथेच त्यांची लोखंडाशी क्रिया होते आणि लोह सल्फाइडासारख्या संयुगांचा पातळ थर तयार होतो. हा थर पोलादापेक्षा पुष्कळ कमी जोराने कातरला जातो. घर्षणाच्या वेळी तो झिजतो, धातू वाचतो. आणि लगेच त्या जागी नवा थर बनतो. गिअर ऑइलला येणारा तो उग्र वास या गंधकाचा. एके काळी या कामासाठी स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल गंधकाबरोबर तापवून वापरीत असत. १९७० च्या सुमारास अमेरिकेने त्या तेलाची आयात बंद केली आणि रसायनशास्त्रज्ञांना दुसरे पर्याय शोधावे लागले.

डब्यावरील अक्षरांचा अर्थ आता लागेल. 'जीएल-४' आणि 'जीएल-५' या तेलाच्या प्रती आहेत. हायपॉइड डिफरन्शियलला जीएल-५ लागते. त्यात ही दाब सोसणारी संयुगे अधिक असतात. परंतु अधिक म्हणजे सर्वत्र चांगले, असे मात्र नाही. जुन्या गिअरबॉक्समध्ये पितळेसारख्या तांबेमिश्रित धातूची कडी असतात, आणि गंधकाच्या काही संयुगांची तांब्याशी क्रिया होते. म्हणून गिअरबॉक्ससाठी गाडीच्या पुस्तकात जे सांगितले असेल तेच तेल घालावे. डिफरन्शियलचे उरले म्हणून तेथे ओतू नये.

'९० नंबर' हा आकडा श्यानतेचा, म्हणजे तेलाच्या दाटपणाचा. इंजिनाच्या ४० नंबरच्या तेलापेक्षा हे दुपटीहून दाट असावे, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. इंजिनाचे तेल आणि गिअरचे तेल यांच्या मोजपट्ट्याच निराळ्या आहेत. १००° सेल्सिअसला मोजले, तर ९० नंबरचे गिअर ऑइल हे इंजिनाच्या ४० किंवा ५० नंबरच्या तेलाएवढेच दाट भरते. '८०डब्ल्यू-९०' असे लिहिलेले तेल गरम असताना ९० नंबरासारखे वागते आणि कडक थंडीतही गोठल्यासारखे होत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हे तेल कायम का टिकत नाही? एक तर संरक्षक संयुगे खर्च होत जातात. दुसरे, तापमानामुळे तेलाचे ऑक्सिडीकरण होते. दर १०° सेल्सिअसला अशा क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो असा ढोबळ नियम आहे. आणि तिसरे म्हणजे, इंजिनाच्या तेलाला फिल्टर असतो, तसा येथे नसतो. झिजून निघालेला प्रत्येक कण तेलातच राहतो आणि पुन्हा पुन्हा दातांखाली येतो.

कामाला सुरुवात

आधी गाडी आठ-दहा किलोमीटर चालवून आणावी. तेल तापले की पातळ होते. गिअर ऑइलची श्यानता ४०° सेल्सिअसला जेवढी असते, त्याच्या सुमारे एक-दशांश १००° ला उरते. गरम तेल भराभर वाहते आणि तळाशी बसलेला गाळ ढवळून सोबत घेऊन येतो. मात्र हात भाजेल इतके तापले असेल, तर थोडे थांबावे.

गाडी सपाट जागेवर उभी करावी. तेलाची पातळी मोजण्याचे साधन म्हणजे गोळ्याच्या बाजूचे एक भोक; गाडी कलली तर माप चुकते. जीप जमिनीपासून उंच असल्याने जॅक लावावा लागत नाही, आणि लावूही नये. याचे कारण डिफरन्शियलच्या नियमातच आहे. विलीज घडणीच्या बहुतेक जुन्या जीपमध्ये हँडब्रेक मागच्या चाकांवर नसून प्रॉपेलर शाफ्टवर असतो. शाफ्ट थांबला म्हणजे क्राउन थांबला. पण क्राउन थांबला म्हणजे दोन्ही चाकांच्या गतीची बेरीज शून्य झाली, एवढेच. दोन्ही चाके जमिनीवर असताना ती एकाच दिशेने फिरू शकत नाहीत, म्हणून गाडी उभी राहते. एक चाक जॅकने उचलले, की ते हवेत उलटे फिरायला मोकळे. मग जमिनीवरचे चाक सुलटे फिरते आणि ओढलेल्या हँडब्रेकसह गाडी घरंगळते! गाडी गिअरमध्ये ठेवली असली, तरी तेच घडेल. अशा गाडीखाली माणूस असेल तर काय होईल, ते सांगायला नको. तेव्हा चारही चाके जमिनीवर ठेवून, चाकांना पुढून-मागून भक्कम दगड किंवा लाकडी ठोकळे लावल्याशिवाय गाडीखाली जाऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाचा नियम : तेल काढण्याचा प्लग उघडण्यापूर्वी तेल भरण्याचा प्लग उघडून पाहावा. गोळ्याच्या बाजूला, साधारण मध्याच्या जरा खाली, हा भरण्याचा प्लग असतो. वर्षानुवर्षे चिखल आणि गंज खाऊन तो असा बसतो, की पाना घसरून त्याचे कोपरे गोल होतात. आधी खालचा प्लग काढून तेल सांडून टाकले आणि मग वरचा उघडेना, तर गाडी तेलाशिवाय अंगणात अडकून पडते. हा धडा आम्ही पहिल्याच वेळी, दोन दिवस गाडी उभी ठेवून शिकलो. तारेच्या ब्रशाने प्लगभोवतीची माती साफ करावी, गंज सोडवणारे तेल घालून अर्धा तास थांबावे आणि नेमक्या मापाचाच पाना लावावा.

वरचा प्लग उघडला, की खाली पसरट भांडे ठेवून तळाचा प्लग काढावा. काही गोळ्यांना तळाचा प्लग नसतो. तेथे मागचे गोल झाकण काढावे लागते. झाकणाचे खालचे बोल्ट पूर्ण काढावेत, वरचे दोन नुसते सैल करून ठेवावेत आणि खालची कड हळूच उचकटावी. म्हणजे तेल भांड्यात पडते आणि झाकण अंगावर येत नाही. झाकण परत लावताना जुने कागदी पॅकिंग खरवडून नवे बसवावे आणि समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळत जावे, म्हणजे दाब सगळीकडे सारखा बसतो.

तेल निथळायला पंधरा-वीस मिनिटे द्यावीत. आत रॉकेल ओतून धुण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. ती टाळावी. चाकांच्या दांड्यांच्या नळ्यांमध्ये आणि बेअरिंगच्या फटींत रॉकेल राहून जाते आणि नव्या तेलाला पातळ करते.

तेल काय सांगते?

काढलेले तेल लगेच टाकून देऊ नये. डॉक्टर रक्त तपासतात, तसे ते तपासावे. थोडे तेल काचेच्या बाटलीत घेऊन उजेडात पाहावे. नुसते काळसर तेल म्हणजे वय झालेले तेल, चिंता नको. बोटांत चोळल्यावर चंदेरी झाक दिसली आणि चुंबकाला बारीक करडा लेप चिकटला, तर तीही नेहमीची झीज आहे. परंतु चुंबकाला नखाएवढ्या कपच्या किंवा दाताचा तुकडा चिकटला, तर नवे तेल घालून हा आजार बरा होणार नाही. गोळा उघडून दात आणि बेअरिंग पाहिलेच पाहिजेत.

तेल दुधाळ, चहासारखे दिसले, तर त्यात पाणी गेले आहे. पाणी आणि तेल एकमेकांत विरघळत नाहीत, पण क्राउन त्यांना रवीसारखे घुसळतो आणि पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब तेलात अडकून राहतात. शंका असल्यास एक चाचणी करता येते. लोखंडी पळी तापवावी, ज्योत विझवावी आणि मग तेलाचा एकच थेंब तीवर टाकावा. पाणी असेल, तर त्याची वाफ होऊन तडतड आवाज येतो. कोरडे तेल मुकाट्याने पसरते. वर्गात हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा, डोळ्यांना चष्मा लावून आणि थेंबापेक्षा जास्त तेल न घेता. असे पाणी शिरलेले तेल मुदतीची वाट न पाहता बदलावे. आणि नवे घातल्यावर थोडे अंतर चालवून पुन्हा एकदा बदलावे, म्हणजे उरलेसुरले पाणी निघून जाते. पाण्याने बेअरिंगवर गंजाचे ठिपके पडतात, आणि त्या ठिपक्यांपासूनच पुढे ती खचू लागतात.

एका लहानशा नळीची गोष्ट

घाटात भिजलेल्या ब्रेक लायनरचे कोडे आता सोडवू. डिफरन्शियलच्या नळीवर, वरच्या बाजूला, एक छोटी टोपीसारखी वस्तू असते. तिला ब्रीदर म्हणतात. आतील हवेला श्वास घेता यावा म्हणून ते ठेवलेले बारीक छिद्र होय. आमच्या जीपचे ब्रीदर चिखलाने पूर्ण बुजले होते.

गाडी चालू लागली तेव्हा आतली हवा ३०° सेल्सिअसला होती असे धरू. घाटात ती ९०° पर्यंत तापली. केल्व्हिनमध्ये ३०३ आणि ३६३. आकारमान कायम असेल, तर दाब तापमानाच्या प्रमाणात वाढतो : ३६३ ÷ ३०३ = सुमारे १.२. म्हणजे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा एक-पंचमांशाने जास्त झाला. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० ग्रॅम. चाकाच्या दांड्याभोवती रबराची एक कडी असते, ते ऑइल सील. फिरत्या दांड्यावरचे तेल पुसून आत ठेवणे एवढेच तिचे काम; आतून रेटणारा दाब रोखणे हे तिचे काम नाही. जुनी, कडक झालेली कडी हा रेटा सोसू शकत नाही. तेल तिच्या ओठाखालून निसटते, दांड्यावरून बाहेर चालत जाते आणि ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते. मग एका चाकाचा ब्रेक लागतो, दुसऱ्याचा घसरतो, आणि गाडी एका बाजूला ओढते.

याच्या उलटही घडते. तापलेली जीप पावसाळ्यात थंड ओढ्यात उतरते. आतली हवा ८०° वरून २५° ला आली, तर ३५३ केल्व्हिनची २९८ झाली. दाब सुमारे १६ टक्क्यांनी घटला. ब्रीदर बंद असेल, तर ही पोकळी भरून काढण्यासाठी सीलच्या फटीतून ओढ्याचे पाणी आत खेचले जाते. कोकणात किंवा मावळात ओढे ओलांडणाऱ्या गाड्यांचे तेल दुधाळ होते, त्याचे एक कारण हे. ब्रीदरच पाण्यात बुडाले, तर तेथूनही पाणी आत जाते. म्हणून काही जण त्याला रबरी नळी जोडून तिचे टोक उंचावर नेऊन बांधतात.

तेव्हा तेल बदलताना ब्रीदर काढून, रॉकेलमध्ये धुऊन, तोंडाने फुंकर घालून नव्हे तर पंपाच्या हवेने मोकळे करावे आणि कोरडे करून लावावे. पाच मिनिटांचे हे काम ब्रेकचे, पर्यायाने गाडीतल्या माणसांचे रक्षण करते. तेल बदलणारे बहुतेक जण नेमके हेच विसरतात. आम्हीही विसरलो होतो. लायनर एकदा तेल प्यायले, की धुऊन भागत नाही. सील आणि लायनर दोन्ही बदलावी लागली.

नवे तेल

तळाचा प्लग साफ करून बसवावा. त्याला चुंबक असेल, तर त्यावरचा लेप पुसावा. जुन्या जीपच्या एका गोळ्यात साधारण सव्वा लिटर तेल मावते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात पाहावा. भरण्याचे भोक आडवे असल्याने डब्यातून सरळ ओतता येत नाही. हातपंप असल्यास उत्तम. नसल्यास लांब प्लास्टिकची नळी भोकात घालावी, दुसरे टोक वर नेऊन तेथे नरसाळे बसवावे आणि बाकीचे गुरुत्वाकर्षणावर सोपवावे. तेलाचा डबा आधी तासभर उन्हात ठेवला, तर वाट पाहण्याचा वेळ बराच वाचतो.

भोकाच्या खालच्या कडेवरून तेल ओघळू लागले, की थांबावे. अडकलेली हवा निघून जाण्यासाठी पाच मिनिटे थांबून पातळी पुन्हा पाहावी. ही पातळी ठरवण्यामागे विचार आहे. क्राउनचा खालचा भाग तेलात बुडलेला असतो, आणि फिरताना तो तेल उडवून वरच्या बेअरिंगपर्यंत पोचवतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर. चाकाचा परीघ सुमारे २.३ मीटर धरला, तर चाकाचे मिनिटाला ४३५ फेरे होतात आणि शाफ्टचे सुमारे २३४०. वीसेक सेंटिमीटर व्यासाच्या क्राउनची कड त्या वेळी सेकंदाला साडेचार मीटर वेगाने तेल उधळत असते. तेल कमी असेल, तर वरची बेअरिंगे कोरडी राहतात. जास्त असेल, तर घुसळून फेस होतो, तेल तापते आणि सीलमधून बाहेर पडते. 'थोडे जास्त असलेले बरे' हा घरगुती नियम येथे लागू पडत नाही.

प्लग लावून गाडी फिरवून आणावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खाली ओल आहे का ते पाहावे. नंतर पुढच्या गोळ्याचेही असेच करावे. पुढचा गोळा क्वचित वापरात येतो, म्हणून तो विसरला जातो. पण पाणी त्यातही शिरते.

जुन्या तेलाचे काय?

आपल्याकडे जुने तेल वाळवीसाठी लाकडाला लावणे, कुंपणाच्या कडेला ओतणे किंवा सरळ गटारात सोडणे, असे सर्रास चालते. पाण्यावर तेलाचा थर अत्यंत पातळ पसरतो आणि थोडेसे तेलही पाण्याचा मोठा पृष्ठभाग झाकते. हवेतील ऑक्सिजन पाण्यात मिसळायला त्याने अडथळा होतो. त्यातील झिजलेल्या धातूचे कण आणि गंधक-फॉस्फरसची संयुगे मातीत आणि विहिरीत उतरतात. भारताच्या २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. म्हणून ते झाकणाच्या डब्यात भरावे, त्यात पाणी किंवा रॉकेल मिसळू नये, आणि जेथून ते पुनर्प्रक्रियेसाठी जाते अशा गॅरेजला द्यावे. काम करताना हातमोजे घालावेत आणि शेवटी हात साबणाने धुवावेत.

वर्गात करून पाहा

गावात एखादी जुनी जीप, ट्रॅक्टर किंवा ट्रक दुरुस्तीला आला असेल, तर मिस्त्रींची परवानगी घेऊन विद्यार्थ्यांना उघडा डिफरन्शियल दाखवावा. पुढील प्रश्न आधीच देऊन ठेवावेत. क्राउनला किती दात आहेत? पिनियनला किती? दोन्ही चाके उचललेली असताना एक चाक हाताने पुढे फिरवले, तर दुसरे कोणत्या दिशेने फिरते, आणि का? ब्रीदर कोठे आहे, आणि ते मोकळे आहे का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'बुजलेले आहे' असे निघण्याचा संभव पुष्कळ आहे. तसे निघाले, तर मिस्त्रींना ते तेथेच साफ करायला सांगावे, आणि वायूचा नियम फळ्यावर लिहून दाखवावा.